बचत करा, पण बेतानं

सरकारला दोन तोंडं असतात, असं लोक म्हणतात. मला ते पटत नाही. सरकारला खिडक्या असतात आणि प्रत्येक खिडकीला आपापलं तोंड असतं. आमच्या तालुक्याच्या गावी रस्त्याच्या एका अंगाला पोस्ट आहे, दुसऱ्या अंगाला तहसील कचेरी, आणि मधे माझं झेरॉक्सचं दुकान. पोस्टाच्या भिंतीवर ‘थेंबे थेंबे तळे साचे’ असं रंगवलेलं आहे. समोर तहसिलात तुमच्याकडे तळं साचलंय का, याची चौकशी होते. सामान्य माणूस एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर बिनधास्त जातो. दिव्यांग म्हणून अनुदान घेणाऱ्याला मात्र पासबुक कुठल्या खिशात ठेवावं, याचा विचार करूनच रस्ता ओलांडावा लागतो.

माझे मामा हा रस्ता रोज ओलांडतात. लहानपणीच्या पोलिओनं त्यांचा उजवा पाय बारीक राहिला. मागं दोन जादा चाकं लावलेली स्कूटर, घड्याळं दुरुस्त करायची टपरी आणि कुणालाही न विचारता मत देण्याची सवय, एवढी त्यांची मालमत्ता. मोबाईल आल्यापासून घड्याळं कमी झाली, मतं वाढली.

मामांना संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे पैसे मिळतात. योजना 1980 सालची. त्यात दिव्यांग म्हणून बसायचं तर महाराष्ट्रात किमान पंधरा वर्षं राहिलेलं असावं लागतं, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 50,000 रुपयांच्या आत लागतं आणि अपंगत्व निदान 40 टक्के लागतं. दहावीला 35 टक्क्यांवर पास करतात, इथं 40 लागतात. शिवाय ग्रेस मार्क नाहीत, एटीकेटी नाही. 38 टक्के पडले तर डॉक्टरांच्या बोर्डाच्या मते तुमचा पाय बरा आहे, मग तुम्हाला तो तसा वाटो न वाटो. मामांना सिव्हिलच्या बोर्डानं 62 दिले. ‘‘शाळेत असते तर बापानं पेढे वाटले असते,’’ असं म्हणून त्यांनी माझ्याकडून सर्टिफिकेटच्या दहा झेरॉक्स काढून नेल्या.

केंद्र सरकारची परीक्षा याहून कडक. तिथल्या अपंगत्व पेन्शनला 80 टक्के लागतात, म्हणजे थेट डिस्टिंक्शन. वर दारिद्र्यरेषेखालचं कुटुंबही लागतं. एवढं यश मिळवलं की केंद्राकडून बक्षीस महिना 300 रुपये. हा आकडा 2012 साली ठरला आणि अजून तिथंच उभा आहे. राज्य त्यात आपली भर घालतं म्हणून, नाहीतर बोर्डापर्यंत जायचं रिक्षाभाडं वसूल व्हायला अर्धं वर्ष गेलं असतं.

आता उत्पन्नाची गोष्ट. 50,000 रुपये वर्षाला म्हणजे दिवसाला 137 रुपये, आणि तेही अख्ख्या कुटुंबाचे. हा दिव्यांगांसाठी दाखवलेला मोठेपणा आहे बरं का. योजनेतल्या इतर निराधारांना मर्यादा 21,000 ची, म्हणजे दिवसाला 57 रुपयांची. 2024-25 साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी 297 रुपये होती. घरातल्या कुणी हमीचे शंभरही दिवस भरले तर 29,700 रुपये होतात. म्हणजे सरकारनंच हमी दिलेलं काम पुरतं केलं, तर कागदोपत्री तुम्ही निराधार उरत नाही. याच राज्यात लाडकी बहीण योजनेला कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे. बहिणीच्या घरात पाचपट पैसा असला तरी ती लाडकी राहते. दिव्यांगाच्या घरात 50,001 आला की तो परका. आणि तीच बहीण दिव्यांग असून संजय गांधीचे पैसे घेत असेल, तर तिला दुसरी ओवाळणी नाही. 1,500 किंवा त्याहून जास्त रक्कम दुसऱ्या सरकारी योजनेतून मिळत असेल तर लाडकीच्या यादीतून नाव वगळायचं, असा नियम आहे.

एवढं सगळं असलं तरी बचत करायला कुणाची मनाई नाही. हे मी मुद्दाम सांगतो, कारण माझ्या काउंटरवर दर आठवड्याला कुणीतरी दबक्या आवाजात विचारतंच, ‘‘अनुदान घेणाऱ्याला पोस्टात खातं काढता येतं का हो?’’ येतं. बचत खातं काढता येतं, आवर्ती ठेव म्हणजे आरडी महिना 100 रुपयांपासून काढता येते, वर्षाला 500 रुपये भरून पीपीएफ चालवता येतो. यातल्या एकाही अर्जात ‘आपण अनुदान घेता काय’ असा रकाना नाही. पोस्टाच्या बचतीचा मूळ कायदा 1873 सालचा, जोतीरावांनी सत्यशोधक समाज काढला त्याच वर्षीचा. 2018 साली त्यात दुरुस्ती झाली, तेव्हा दिव्यांग आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसांना आपलं खातं चालवता यावं, याचीही तरतूद झाली. कायद्याला हे सुचायला 145 वर्षं लागली, पण सुचलं.

दिव्यांगांसाठी म्हणून खास अल्पबचत योजना मात्र नाही. दहा वर्षांच्या आतल्या मुलींसाठी सुकन्या समृद्धी आहे. साठी ओलांडलेल्यांसाठी ज्येष्ठ नागरिक बचत योजना आहे. शेतकऱ्याच्या नावानं किसान विकास पत्र आहे आणि ते घ्यायला शेत तर सोडाच, कुंडीसुद्धा लागत नाही. मधे दोन वर्षं महिला सन्मान बचत पत्रही येऊन गेलं. दिव्यांगाला यातल्या एखाद्या दारानं आत जायचं तर त्यानं मुलगी व्हावं, नाहीतर म्हातारं व्हावं. मामा म्हणाले, ‘‘दुसरं जमतंय. होतोयच.’’

2025 च्या ऑक्टोबरपासून दिव्यांगांचं अनुदान 1,500 वरून 2,500 झालं. ते पहिल्यांदा जमा झालं आणि आमच्या गल्लीतल्या अल्पबचत एजंटबाईंना बरोबर वास लागला. या बाईंची पिशवी म्हणजे चालतंफिरतं पोस्ट. त्या टपरीवर आल्या, मामांच्या समोर बसल्या आणि म्हणाल्या, ‘‘दादा, हजार रुपये वाढलेत ना? मग पाचशे माझ्याकडं द्या. पाच वर्षांत तीस हजार भराल, हातात पस्तीस हजारांच्या वर येतील.’’

मामांनी भिंगातून बाईंकडं पाहिलं. भिंग डोळ्याला लावलेलंच होतं. ‘‘वरचे पाच हजार कुणाचे?’’

‘‘व्याज आहे ते. तुमचंच.’’

‘‘माझंच असेल तर ते माझं उत्पन्न झालं की नाही?’’

बाईंच्या वीस वर्षांच्या कारकिर्दीत व्याज मिळेल म्हणून घाबरलेलं हे पहिलंच गिऱ्हाईक असावं. त्यांनी पिशवी मिटली आणि ‘‘तेवढं तहसिलात विचारून घ्या’’ असं सांगून त्या पुढच्या दुकानात गेल्या.

मग मामांनी विचारायला सुरुवात केली. पहिल्या टेबलावर उत्तर मिळालं, ‘‘आहे ते सगळं लिहा.’’ दुसऱ्या टेबलावरचे गृहस्थ म्हणाले, ‘‘पाच वर्षांनी मिळणारं आत्ता कशाला लिहिता?’’ बाहेर स्टॅम्पवेंडरनं फुकट सल्ला दिला, ‘‘मामा, लिहूच नका. कोण बघतंय?’’ तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण त्या नावानं हाक मारली तर तेच मागं वळून बघत नाहीत. त्यांनी मात्र सरळ कायदा सांगितला, ‘‘कुटुंबाचं सर्व मार्गांनी येणारं उत्पन्न म्हणजे उत्पन्न. व्याजही त्यात आलं.’’ मग थोडं थांबून आवाज खाली आणून म्हणाले, ‘‘शेळ्या आहेत का?’’

‘‘नाहीत.’’

‘‘घ्या की दोन.’’

या दोन शब्दांत ग्रामीण अर्थशास्त्र सगळं येतं. शेळीला पासबुक नसतं. तिला व्याज लागत नाही, करडं होतात. एकीच्या तीन झाल्या तरी तो आकडा कुठल्याच पोर्टलवर दिसत नाही. तीच गोष्ट भिशीची. आमच्या बाजारपेठेत अनुदान घेणाऱ्यांची एक भिशी चालते. वीस जण, महिना दोनशे, नंबर लागला की चार हजार. व्याज शून्य, हमी शून्य. भिशी चालवणारा एखाद्या रात्री गाव सोडून गेला तर तक्रार करायलाही जागा नाही. तरी लोक डोळे मिटून पैसे देतात, कारण तिथं कागद नाही. पोस्टात सरकारची हमी आहे, पण कागदही आहे. गरिबीचा दाखला दरसाल काढणाऱ्याला चोरापेक्षा कागदाची भीती जास्त.

ही भीती काही अगदी वेडगळ नाही. एक हिशेब करून बघा. समजा, एका विधवा आईनं गावाकडचा जमिनीचा तुकडा विकला आणि आलेले सात लाख रुपये पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत ठेवले. घरात ती आणि तिचा पंचवीस-तीस वर्षांचा दिव्यांग मुलगा. दुसरी कमाई नाही. 7.4 टक्क्यांनी वर्षाचं व्याज होतं 51,800 रुपये. मर्यादेच्या वर 1,800. या अठराशे रुपयांपायी मुलाचं वर्षाचं 30,000 रुपयांचं अनुदान जातं. आता त्याच आईनं सात लाखांऐवजी पावणेसात लाखच ठेवले, तर व्याज 49,950. अनुदान शाबूत! उरलेले 25,000 तिनं पितळी डब्यात तांदळाखाली ठेवले की झालं. केंद्र सरकारनं घरोघरी खाती उघडायला जनधन योजना काढली आणि राज्य सरकारच्या नियमानं त्या माउलीला तांदळाच्या डब्याकडं पाठवलं.

अटल पेन्शन योजनेचा हिशेब तर याहून गमतीचा. ही केंद्राची योजना, 2015 सालची. अठरा ते चाळीस वयाच्या, प्राप्तिकर न भरणाऱ्या कुणालाही तिच्यात जाता येतं. अठराव्या वर्षी महिना 210 रुपये भरायला लागलात तर साठीनंतर महिना 5,000 रुपये पेन्शन, सरकारच्या हमीसह. आमच्या गल्लीतल्या एका कर्णबधिर पोरानं ती काढली. बेकरीत काम करतो, पगार बेताचा, पण हप्ता कधी चुकवत नाही. आजचे नियम तो साठ वर्षांचा होईपर्यंत असेच राहिले, तर वर्षाचे 60,000 रुपये हाती येताच तो 50,000 ची मर्यादा ओलांडेल. म्हणजे बेचाळीस वर्षं काटकसर करून त्यानं काय कमावलं, तर अपात्रता. मी हे त्याला खुणांनी समजावून सांगितलं. त्यानं खुणेनंच उलट विचारलं, बेचाळीस वर्षांनी ही मर्यादा एवढीच असेल का? मी तहसील कचेरीच्या इमारतीकडं बोट दाखवलं. तो हसला, पण त्या महिन्याचाही हप्ता त्यानं भरला.

प्राप्तिकरातही दिव्यांगांना सवलत आहे, हे खरं. 1961 च्या प्राप्तिकर कायद्यात कलम 80 यू प्रमाणं 75,000 रुपयांची वजावट, आणि अपंगत्व 80 टक्क्यांवर असेल तर सव्वा लाखाची. पण ही वजावट जुन्या करपद्धतीत मिळते आणि ती घ्यायची तर आधी कर बसण्याइतकं उत्पन्न पाहिजे. एवढं उत्पन्न असलेला माणूस संजय गांधीच्या रांगेत उभा राहणार नाही आणि त्या रांगेतल्या माणसाला 80 यू हा बसचा नंबर वाटतो.

मामांचा असा समज होता की, हे सगळं आपल्याकडंच होतं. परदेशात दिव्यांगांना सरकार पालखीत घालून फिरवतं. तो समज मी दूर केला. अमेरिकेत एसएसआय नावाचं मासिक सहाय्य आहे. ते घेणाऱ्या एकट्या माणसाजवळ राहतं घर आणि एक गाडी सोडून 2,000 डॉलरपेक्षा जास्त मालमत्ता असता कामा नये. हा आकडा 1989 पासून हललेला नाही.

‘‘दोन हजार डॉलर म्हणजे आपले किती रे?’’

‘‘पावणेदोन लाखांच्या आसपास.’’

‘‘अरे, मग मी अमेरिकेतसुद्धा गरीबच ठरतो की!’’ मामांना आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाल्याचा आनंद झाला.

यावर उपाय म्हणून अमेरिकेनं 2014 साली एबल कायदा केला. त्यानुसार दिव्यांग माणसाला एक वेगळं बचत खातं काढता येतं आणि त्यातले एक लाख डॉलरपर्यंतचे पैसे एसएसआयच्या मर्यादेत धरत नाहीत. कल्पना झकास. फक्त अपंगत्व वयाच्या सव्विसाव्या वाढदिवसाआधी आलेलं असावं, ही अट होती. पंचविसाव्या वर्षी अपघात झाला तर बचत करा, सत्ताविसाव्या वर्षी झाला तर करू नका. जानेवारी 2026 पासून ही वयोमर्यादा 46 केली. अपघातांना आता जरा ऐसपैस वेळ मिळाला.

ब्रिटनमध्ये ‘हेल्प टू सेव्ह’ नावाची योजना 2018 पासून आहे. महिन्याला जास्तीत जास्त 50 पौंड भरायचे. सरकार बचतीवर निम्मा बोनस देतं. चार वर्षांत बोनसच 1,200 पौंडांपर्यंत जातो. असा व्याजदर पाहिला असता तर आमच्या एजंटबाई लंडनला बदली मागून गेल्या असत्या. पण अट अशी की, युनिव्हर्सल क्रेडिट हे सहाय्य घेणाऱ्यानं थोडीतरी कमाई केलेली असावी. ज्याला आजारपणामुळं किंवा अपंगत्वामुळं कामच करता येत नाही, त्याच्या बचतीला बोनस नाही.

तरी साहेबाचं एक मानलं पाहिजे. त्याच युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये जवळ 6,000 पौंडांपर्यंत शिल्लक असली तर सहाय्याला धक्का लागत नाही. त्यापुढं प्रत्येक 250 पौंडांमागं महिन्याला 4.35 पौंड कापतात आणि 16,000 च्या वर गेलात तर सहाय्य बंद. मर्यादा तिथंही आहे, पण बरीचशी वाट उतारानं जाते. आपल्याकडं 50,000 पर्यंत सपाट रस्ता आणि पुढच्या रुपयाला थेट कडा. पाय अधू असलेल्या माणसांसाठी कडा कुणी बांधला, हे विचारायची सोय नाही.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 24 मध्ये एक फार चांगलं वाक्य आहे. सामाजिक सुरक्षेच्या योजनांमध्ये इतरांना जे मिळतं, त्यापेक्षा दिव्यांगांना किमान पंचवीस टक्के जास्त मिळावं. कारण उघड आहे. त्याच जगण्याला त्यांना जास्त खर्च येतो. मामांच्या स्कूटरला चार चाकं आहेत, म्हणजे पंक्चरही चार. हा कायदा 2017 मध्ये लागू झाला आणि आपल्या राज्यात अनुदानातला फरक दिसला 2025 मध्ये. उशिरा का होईना, पण दिला आणि पंचवीस टक्क्यांहून बराच जास्त दिला, म्हणून आभार मानायला हरकत नाही. फक्त कायद्यानं जास्तीचा खर्च ओळखला, तशी जास्तीची बचतही ओळखायला हवी. चांगला पाय असलेला माणूस म्हातारपणासाठी साठवतो. दिव्यांगाला म्हातारपणासाठी साठवावं लागतं, चाकांसाठी, बॅटरीसाठी, कानातल्या यंत्रासाठी साठवावं लागतं. आणि दिव्यांग मुलाच्या आईबापांना तर आपण गेल्यानंतरच्या वर्षांसाठीही साठवावं लागतं. ज्यांना बचतीची गरज सगळ्यात जास्त, त्यांच्याच बचतीकडं आपण संशयानं बघतो. गरजू माणसाजवळ शिल्लक दिसली की तो गरजू कसला, असं आपल्याला वाटतं. त्याच्याजवळ शिल्लक नसली की पैसे राखता येत नाहीत म्हणून नावं ठेवायलाही आपणच मोकळे.

यावरचे उपाय कठीण नाहीत. अल्पबचतीच्या आणि अटल पेन्शनच्या पैशाला ठरावीक रकमेपर्यंत उत्पन्नाच्या हिशेबातून सूट द्यावी. मर्यादा ओलांडली की अनुदान एकदम तोडण्याऐवजी टप्प्याटप्प्यानं कमी करावं. आणि 50,000 चा आकडा महागाईला जोडून टाकावा, म्हणजे तो वाढवण्यासाठी दरवेळी मोर्चा काढायला नको; मोर्चेकऱ्यांपैकी निम्म्यांना चालता येत नाही, एवढं तरी ध्यानात घ्यावं. पुढच्या निवडणुकीत मतं मागायला कुणी दारात आलं, तर रस्त्या-गटारांबरोबर ही तीन वाक्यंही त्यांना ऐकवा.

मामांनी अखेर आरडी काढली. पाचशेची नाही, दोनशेची. ‘‘अंदाज घेतो सरकारचा,’’ म्हणाले. तुमच्या ओळखीत कुणी दिव्यांग अनुदान घेत असेल, तर त्याला भिशीपेक्षा पोस्टाचा रस्ता दाखवा. वय चाळिशीच्या आत असेल तर अटल पेन्शनही बघा. मिळणारं व्याज उत्पन्नात खरं लिहा. आरडीतल्या दोनशे-पाचशेच्या व्याजानं बहुतेकांचं उत्पन्न 50,000 च्या जवळपाससुद्धा जात नाही. भीती मोठी आहे, व्याज लहान आहे. आणि दाखल्याच्या झेरॉक्स दोन जास्तच काढून ठेवा, त्या लागतातच.